सह्याद्रीतल्या वाटांसाठी माउंटन बाइकचे टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या टेकड्या, सिंहगडाच्या पायथ्याच्या वाटा, मुळशी-मावळातल्या सोंडा, महाबळेश्वरकडची तांबडी माती अशा ठिकाणी डांबर सोडून सायकल चालवणाऱ्यांकडून टायरबद्दल जे प्रश्न सतत येतात, त्यांची ही उत्तरं. परदेशातले सल्ले वाचून टायर घेतला तर आपल्याकडे तो पुष्कळदा चुकीचा ठरतो, कारण खालची जमीनच वेगळी आहे. आपल्याकडे टोकदार काळा कातळ आहे, त्यावर सुटा मुरूम आहे आणि वाटेच्या दोन्ही अंगांना काटे आहेत.

वाटेवर सायकल फार घसरते. नवा टायर घेऊ का?

आधी हवा तपासा. दहातल्या आठ जणांची अडचण इथेच सुटते, असं मी इतक्या सायकलींची हवा सोडून सांगतो आहे. नव्या सायकलीत ४०-५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरलेली असते आणि मालक वर्षभर तीच ठेवतो. इतका टणक टायर दगडाला चिकटत नाही, दगडावरून उडतो. जितका वेळ तो हवेत, तितका वेळ ब्रेकही नाही आणि वळणही नाही. हवा कमी केली की टायर दगडाच्या अंगाने दबतो, त्याला कवेत घेतो आणि जमिनीला टेकलेला राहतो. आठवडाभर कमी हवेवर चालवून बघा. तरीही घसरत असेल तर टायर बदलायचा विचार करा.

मग हवा नेमकी किती ठेवायची?

सुरुवातीला हे आकडे धरा. तुमचं वजन ७० किलोच्या आसपास, टायर २.३५ ते २.४ इंची आणि ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल, तर पुढे २१ ते २३ आणि मागे २४ ते २६ पीएसआय. त्याच टायरात ट्यूब असेल तर पुढे २६ ते २८, मागे २९ ते ३२. टायर २.१ इंची, रिम अरुंद आणि आत ट्यूब असेल तर ३०-३५ च्या खाली जाऊ नका. वजन दर पाच किलोला एक पीएसआय या अंदाजाने वर-खाली करा. पाठीवर तीन लिटर पाणी आणि डबा असेल, तर तेही वजनात धरा.

तिथून पुढे नेहमीच्या वाटेवर दर खेपेला एक-एक पीएसआय कमी करत जा. वळणात टायर कडेला लोळतोय असं वाटलं, किंवा दगडावर रिम ‘टंग’ अशी वाजली, की दोन पीएसआय परत वाढवा. तो तुमचा आकडा. सायकलच्या चौकटीवर आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमीच हवी, कारण शरीराचा भार मागे जास्त असतो.

अंगठ्याने दाबून कळत नाही का?

फरक दोन पीएसआयचा असतो, आणि अंगठ्याला पाचचाही कळत नाही. शिवाय जाड कडेचा टायर बोटाला नेहमीच टणक लागतो. खिशात मावणारं गेज (हवेचा दाब मोजायचं साधन) घ्या आणि कायम तेच वापरा. दोन गेज क्वचितच एकच आकडा दाखवतात, पण एकच गेज रोज सारखंच चुकत असेल तरी तुमचं काम भागतं.

तापमानाचाही हिशेब असतो. हिवाळ्यात पहाटे १२ अंशांना २५ पीएसआय भरून निघालात आणि दुपारी ३२ अंशांत वर पोहोचलात, तर आतली हवा तापून साधारण अडीच-तीन पीएसआयने दाब वाढलेला असतो. सायकल बराच वेळ उन्हात उभी असेल तर आणखी जास्त. सकाळी मऊ वाटलेली सायकल उतरताना उड्या मारायला लागते, ती यामुळे. उतरण्याआधी एकदा गेज लावा.

टायरच्या कडेवरचे आकडे कसे वाचायचे?

‘२९ x २.३५’ म्हणजे चाक २९ इंची, टायरची रुंदी २.३५ इंच. त्याच्या शेजारी ‘६०-६२२’ असंही लिहिलेलं असतं: रुंदी ६० मिलिमीटर आणि टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. खरेदी करताना हा दुसरा आकडा बघा, त्यात घोळ होत नाही. २९ इंचीसाठी ६२२, २७.५ इंचीसाठी ५८४ आणि २६ इंचीसाठी ५५९.

माझी जुनी २६ इंची सायकल आहे. ती टाकून द्यावी का?

मुळीच नाही. माउंटन बाइकचा जन्मच २६ इंचावर झाला. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली पोरं १९७०च्या दशकात श्विन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. त्या सायकलींना २६ x २.१२५ मापाचे जाड ‘बलून’ टायर असायचे, जे श्विनने १९३३ साली आणले होते. १९७६ साली त्यांनी तिथे ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू केली. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून हे नाव. पुढची तीसेक वर्षं सगळं जग त्याच मापावर डोंगर उतरलं.

अडचण एवढीच, की आता २६ इंचीत चांगले टायर कमी मिळतात. मनासारखा दिसला तर दोन घेऊन ठेवा. आणि रुंद टायर घेण्याआधी चौकटीत आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) जागा मोजा: टायरच्या दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर मोकळी हवीत, नाहीतर चिखल आणि खडा अडकून चौकटीचा रंग आणि पुढे धातूही खरवडला जातो.

किती रुंद टायर घ्यावा?

रिमवर अवलंबून आहे. रिमची आतली रुंदी १९-२१ मिलिमीटर असेल (स्वस्त आणि जुन्या सायकलींत बहुधा एवढीच असते) तर २.२५ च्या पुढे जाऊ नका. अरुंद रिमवर रुंद टायर फुग्यासारखा उभा राहतो आणि कमी हवेत वळणावर लोळतो. २५ मिलिमीटरच्या रिमला २.२ ते २.४, आणि ३० मिलिमीटरच्या रिमला २.३५ ते २.६ चांगला बसतो. आपल्या वाटांसाठी जागा असेल तर २.३५-२.४ हे माप मला सगळ्यांत योग्य वाटतं.

पुढे-मागे एकच टायर लावायचा की वेगळा?

वेगळा लावलात तर जास्त बरं. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपटी हलवते आणि तुम्ही सावरता. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, खांदाच जमिनीला लागतो. म्हणून पुढे पकड आणि मागे वेग, हा साधा नियम. पुढे उंच नॉबचा (नॉब म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे), कडेचे नॉब भक्कम असलेला टायर. मागे मधली नक्षी जवळजवळ आणि बुटकी, म्हणजे चढावर कमी दमायला होतं.

नावं हवी असतील तर: मॅक्सिस कंपनीचा मिनियन डीएचएफ पुढच्या चाकासाठी जुना आणि खात्रीचा आहे (शेवटचा ‘एफ’ म्हणजे पुढचा, आणि डीएचआरमधला ‘आर’ म्हणजे मागचा). मागे रेकॉन किंवा आयकॉन. श्वाल्बे कंपनीमध्ये पुढे हान्स डॅम्फ, मागे नॉबी निक. हलकी सायकल आणि लांबचा पल्ला असेल तर पुढे नॉबी निक आणि मागे रेसिंग राल्फ. एकच नवा टायर परवडणार असेल तर तो पुढे लावा, आणि पुढचा जुना मागे घ्या.

आपल्या जमिनीला कोणती नक्षी चालते?

हा प्रश्न खरं म्हणजे ऋतूचा आहे, कारण आपली एकच वाट वर्षात तीन वेळा बदलते.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वाट सगळ्यांत गुणी असते. माती दाबून बसलेली, आत थोडी ओल, वर धूळ नाही. तेव्हा कोणताही बरा टायर चालतो. नवीन माणसाने डोंगरातली सायकल शिकायला याच दोन महिन्यांत सुरुवात करावी, असं मी कळकळीने सांगतो. मात्र गवत वाळलेलं असतं, आणि त्याखाली झाकलेला दगड दिसत नाही.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत खरी परीक्षा. खाली टणक कातळ किंवा घट्ट मुरूम, आणि वर सुटी खडी. ट्रेकिंगवाले ज्याला घसारा म्हणतात, तोच. सांडलेल्या ज्वारीवरून चालल्यासारखं वाटतं. इथे फार उंच नॉबचा उपयोग नाही, कारण ते घुसणार कुठे? खाली दगडच आहे. मध्यम उंचीचे, बुडाशी रुंद, न डुलणारे नॉब हवेत, म्हणजे ते वरची खडी बाजूला सारून कातळाला टेकतात. मध्यावरच्या आणि कडेच्या नॉबांमध्ये रिकामी पट्टी असलेले टायर वळणात सायकल पुरती कलवल्यावरच पकडतात. अर्धवट कलवली तर त्या रिकाम्या पट्टीवर येऊन घसरतात. नवशिक्या माणूस घसाऱ्यावर सायकल कलवायला घाबरतो आणि नेमका तिथेच पडतो. अशांनी मध्ये जोड-नॉब असलेली, सलग नक्षी घ्यावी.

महाबळेश्वर-पाचगणी आणि कोकणातला जांभा निराळाच. सच्छिद्र आणि खरबरीत असल्यामुळे कोरडा असताना तो टायरला सुंदर धरून ठेवतो, पण नॉबही झपाट्याने खातो. मऊ रबराचे टायर तिथे लवकर संपतात.

आणि पावसाळ्यात?

दोन गोष्टी आधीच सांगतो. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कोणताही टायर धरत नाही, कितीही महाग घ्या. तिथे उतरून चाला, किंवा हँडल सरळ ठेवून, ब्रेक न दाबता पार व्हा. दुसरं, काळी चिकट माती. ती पन्नास पावलांत नक्षी भरून टाकते, मग फोर्कमध्ये साचते आणि शेवटी चाक फिरायचं थांबतं. तिला टायर हे उत्तरच नाही. ती वाटच टाळा.

उरलेल्या ओल्या मातीसाठी उंच, टोकदार आणि एकमेकांपासून लांब असलेले नॉब लागतात, म्हणजे फिरताना चिखल झटकला जातो. श्वाल्बेचा मॅजिक मेरी त्यातला. रुंदीचा हव्यास इथे नको.

आणखी एक मनापासून विनंती. जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस मऊ टेकड्यांवर सायकल घालू नका. चाकाने पडलेली चर पाण्याचा ओहोळ होते आणि पुढच्या पावसात वाटच वाहून जाते. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) तर पावसाळ्यात वाट सोडून एक फूटही जाऊ नका. बोटभर मातीत उगवणारी ती फुलं चाकाखाली एकदा गेली की गेली.

काट्यांनी हैराण केलंय. काय करू?

ट्यूबलेस करा. यावर माझं दुसरं मत नाही.

आपल्याकडे काटे दोन तऱ्हेचे. जमिनीलगत पसरणारा सराटा: त्याचं फळ कसंही पडलं तरी एक टोक वर असतं, आणि एका खेपेला पाच-सहा चिकटतात. दुसरी बाभूळ. तिचा काटा पांढरा, सरळ आणि खिळ्यासारखा टणक. उन्हाळ्यात शेताच्या कडेला बाभळी-बोरीच्या फांद्या तोडून कुंपण घालतात, तेव्हा पाणंदीत त्यांचा सडा पडलेला असतो.

ट्यूब असेल तर एका सराट्याला एक पंक्चर. ट्यूबलेसमध्ये (आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, भरलेला असतो) काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. काटा उपटला की ‘फस्’ आवाज येतो, भोकातून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो, त्याला बुडबुडे फुटतात. ते भोक खाली येईल असं चाक फिरवून धरलं की दहा-पंधरा सेकंदांत आवाज बारीक होत जातो आणि थांबतो. तिथे उरतो फक्त ओला डाग, त्यावर धूळ बसते आणि तुम्ही पुढे निघता. एका उन्हाळ्यानंतर मी माझा मागचा टायर उलटा केला, तर आतून अठरा काट्यांची टोकं दिसली. त्यातल्या एकानेही मला वाटेत थांबवलं नव्हतं.

घरी ट्यूबलेस करता येतं का? आणि सीलंट किती?

टायर आणि रिम दोन्ही ट्यूबलेसला चालणारे असतील तर येतं. रिमची टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त रुंद घ्या, ताणून लावा, आणि अंगठ्याने दाबत हवेचा एकही फुगा राहू देऊ नका. घरगुती ट्यूबलेस फसतं ते बहुतेक वेळा या टेपपाशी. मग टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावा. व्हॉल्वच्या आतली पिन काढून एकदम हवा सोडली की टायर ‘फट्, फट्’ करत रिमच्या काठावर बसतो. घरच्या पंपाने जमलं नाही तर पंक्चरवाल्याचा कंप्रेसर चालतो. बारीक प्रेस्टा व्हॉल्वसाठी पितळी अडॅप्टर स्वतःजवळ ठेवा, आणि दाब टायरवर व रिमवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. हे दादांना आधीच सांगा, कारण त्यांचा हात मोटारसायकलीच्या हिशेबाने चालतो.

सीलंट २.४ इंची टायरला साधारण १०० मिलिलिटर. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं, पावसाळ्यात थोडं जास्त टिकतं. चाक कानाशी धरून हलवा: पाणी हिंदकळल्याचा आवाज येत नसेल तर संपलंय.

टायरची कडच फाटली तर?

काळ्या कातळाचे कपरे काचेसारखे तीक्ष्ण असतात आणि कड हा टायरचा सगळ्यांत नाजूक भाग. मी पूर्वी हलका, पातळ कडेचा टायर वापरायचो. एका खिंडीतून उतरताना तो दोन दगडांमध्ये घासला आणि अंगठ्याएवढा चिरला. सीलंट सगळं सांडलं. बिस्किटाच्या पुड्याची घडी करून आतून लावली, ट्यूब घातली, १५ पीएसआय हवा भरली आणि उरलेले सात किलोमीटर बहुतेक चालतच उतरलो. तेव्हापासून मागच्या चाकाला जाड कडेचाच टायर. शे-दोनशे ग्रॅम वाढतात, पण सह्याद्रीत ते ओझं नव्हे. मॅक्सिसच्या टायरवर ‘एक्सो’ किंवा त्याहून जाड ‘एक्सो प्लस’ असं लिहिलेलं बघून घ्या.

टीपीआय, फोल्डिंग, कंपाउंड यांचं काय?

टीपीआय म्हणजे एका इंचात किती धागे. ६० असेल तर धागे जाड, टायर दणकट. १२० असेल तर धागे बारीक, टायर लवचिक आणि हलका. आपल्याकडे ६० टीपीआयला कमी लेखू नका. फोल्डिंग टायरच्या काठात तारेऐवजी अ‍ॅरामिडचा धागा असतो, म्हणून घडी होते आणि वजन घटतं.

कंपाउंड म्हणजे रबर किती मऊ. मऊ रबर दगडाला चिकटतं आणि लवकर झिजतं. श्वाल्बेच्या अ‍ॅडिक्स रबरात हे रंगीत रेघेवरून ओळखता येतं: लाल सगळ्यांत वेगवान, मग निळी, मग नारिंगी, आणि जांभळी सगळ्यांत मऊ. पुढे मऊ, मागे मध्यम.

डोंगरापर्यंत वीस किलोमीटर डांबरावरूनच जायचं असतं. मग?

मागे मऊ रबर घेऊ नका, डांबर ते खाऊन टाकेल. घरून ३५ पीएसआय भरून निघा आणि वाट सुरू होते तिथे गेज लावून हवा सोडा. परत येताना छोट्या पंपाने भरा. कंटाळवाणं वाटतं, पण पाच मिनिटांचं काम आहे.

ट्यूब बदलली तरी पुन्हा त्याच जागी पंक्चर. का?

काटा अजून टायरमध्येच आहे. टायर आतून बोटाने चाचपू नका, बोट फाटेल. जुनी बनियन किंवा फडकं आतून गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. पंक्चर आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर आऱ्यांच्या टोकांवरची टेप सरकली आहे. आणि शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चेचली गेली आहे: हवा तीन-चार पीएसआयने वाढवा.

टायर बदलायची वेळ झाली हे कसं ओळखू?

मागच्या टायरचे मधले नॉब नव्याच्या निम्म्यावर आले की बदला. पुढच्याचं मधलं बघू नका, कडेचे नॉब बघा: बुडाशी चिरा पडल्या असतील किंवा एखादा तुटून गेला असेल, तर तो टायर वळणात दगा देणार. कडेचे धागे उघडे पडले असतील तर दोन्हीपैकी कोणताही टायर ठेवू नका. गच्चीत उन्हात ठेवलेल्या सायकलीचं रबर न वापरताही कडक होतं. नख रुतलं नाही तर ते गेलं समजा.

वाटेवर सोबत काय ठेवू?

एक ट्यूब (ट्यूबलेस असलात तरी), छोटा पंप, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, मोठ्या भोकात खुपसायच्या चिकट स्ट्रिपा आणि त्यांची सुई, गेज, आणि जुन्या टायरच्या कडेचा बोटभर लांबीचा तुकडा. कड फाटली तर आतून लावायला बिस्किटाच्या पुड्यापेक्षा तो कितीतरी चांगला. ट्यूब मोकळी पिशवीत टाकू नका. लिव्हरवर घासून ती तिथेच भोक पाडून घेते आणि हे कळतं ते खिंडीत. जुन्या मोज्यात घालून ठेवा.